ब्रेट हार्ट आणि शॉन मायकल्स: कॅमेऱ्याला काय सापडलं, काय सुटलं

प्रश्न असा आला आहे: ‘ब्रेट हार्ट आणि शॉन मायकल्सच्या वैरावरच्या दोन डॉक्युमेंटरी पाहिल्या. १९९८ च्या कॅनेडियन फिल्ममध्ये ब्रेट भला माणूस, बाकी सगळे दगाबाज. २०११ मध्ये कंपनीनेच काढलेल्या डीव्हीडीत मात्र दोघे शेजारी बसून मोकळेपणाने बोलतात. यातलं खरं कोणतं मानायचं? आणि मुळात निकाल आधी ठरलेला असतो, तर भांडण खरं कसं असेल?’

मी माहितीपटांचा संकलक आहे, तेव्हा उत्तर एडिट टेबलावरून देतो. मात्र डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (ब्रेट आणि शॉन जिथे चमकले ती विन्स मॅकमॅहनची अमेरिकन रेसलिंग कंपनी, आताची डब्ल्यूडब्ल्यूई) पत्त्यांवर छाती आणि बायसेप्सचे आकडे ओरडून मित्रांची पानं जिंकत वाढलेल्या पिढीतला असल्यामुळे अगदीच तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. माझ्या मते १९९८ ची फिल्म एका घटनेचा, म्हणजे १९९७ मध्ये माँट्रिअलला ब्रेटला फसवून हरवलं गेलं त्याचा पुरावा आहे आणि ती उघडपणे एका बाजूची आहे. २०११ ची डीव्हीडी समेटाचा दस्तऐवज आहे. त्यातून १९९७ साली काय घडलं ते शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही, पण दोन माणसं त्या घटनेसोबत कशी जगली ते दिसेल.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण तो सुटल्याशिवाय पहिला कळत नाही.

नुरा कुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोघांनी आतून संगनमत करून मैदानावरच्या प्रेक्षकांना बनवणं येतं. अमेरिकन प्रोफेशनल रेसलिंगमध्ये निकाल ठरलेला असतो हे गुपित उरलेलं नाही. १९८९ मध्ये विन्स मॅकमॅहनच्या कंपनीने न्यू जर्सी राज्यापुढे स्वतःच सांगितलं की हा मनोरंजनाचा कार्यक्रम आहे. क्रीडा आयोगाचे नियम आणि कर यांतून सुटका करून घेण्यासाठी तसं सांगणं फायद्याचं होतं. पण निकाल ठरलेला असला तरी डोक्यावर आपटणाऱ्या माणसाची मान खरीच असते. तुम्ही तुमचं शरीर समोरच्याच्या हातात देता आणि तो ते सांभाळून खाली ठेवेल असं धरून चालता. दुसरं म्हणजे कोणी जिंकायचं हे ठरवण्यावरच पोट अवलंबून असतं. विजेतेपदाचा पट्टा ज्याच्या कमरेला, त्याचं नाव जाहिरातीत वर, त्याचे टी-शर्ट जास्त खपणार, त्याचा करार मोठा. त्यामुळे समोरच्याकडून पडायला तयार असणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा शिष्टाचार आहे, आणि ‘मी तुझ्याकडून पडणार नाही’ हे वाक्य सगळ्यात मोठा अपमान.

ब्रेटच्या सांगण्यानुसार हे वाक्य १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये शॉनने त्याला तोंडावर ऐकवलं. ब्रेट त्याला म्हणाला होता, तुझ्याकडून हरायला माझी हरकत नाही. त्यावर उत्तर आलं की आभारी आहे, पण मी तुझ्यासाठी तसं करणार नाही. या वैराची सुरुवात शोधत लोक कुठे कुठे जातात, पण माझ्यासाठी सगळा पेच या संवादात आहे.

दोघांचा पिंडच वेगळा. ब्रेट कॅल्गरीचा, बारा भावंडांतला. वडील स्टू हार्ट म्हणजे स्टॅम्पीड रेसलिंग या कंपनीचे मालक आणि खऱ्या अर्थाने वस्ताद. घराच्या तळघरातच तालीम, तिचं नाव ‘डन्जन’. आठही भाऊ कुस्तीच्या धंद्यात आले आणि चारही बहिणींची लग्नं कुस्तीगिरांशी झाली. अशा घरातल्या मुलाला पट्टा म्हणजे घराण्याची अब्रू वाटली तर नवल नाही. ठरलेल्या निकालाच्या खेळातही तो स्वतःला खरोखरचा विजेता समजतो, असा आरोप त्याच्यावर नेहमी होतो आणि त्यात तथ्य आहे. शॉन टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचा. अंगात विलक्षण लय, प्रेक्षकांना हातात धरायची जन्मजात हुशारी, आणि त्या काळात तोंडावर ताबा नाही. त्याच्यासोबत काम करणं किती अवघड होतं हे नंतर त्यानेच अनेकदा कबूल केलं आहे.

गंमत म्हणजे एकत्र काम करताना दोघे अप्रतिम होते. डब्ल्यूडब्ल्यूएफमधला शिडीचा (वर टांगलेला पट्टा शिडी चढून काढायचा) पहिला सामना १९९२ मध्ये या दोघांचाच. ती कल्पना ब्रेटने स्टॅम्पीडमधून आणली होती. मग ३१ मार्च १९९६, ॲनाहाइम, कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम रेसलमेनिया १२. साठ मिनिटांचा आयर्न मॅन सामना, म्हणजे तेवढ्या वेळात जो जास्त वेळा समोरच्याला हरवेल तो विजेता; वेळ संपली तेव्हा दोघांच्याही खात्यात शून्य, आणि जादा वेळेत शॉनची लाथ बसून ब्रेट चितपट. अंगावर काटा यावा असा शेवट. पण घंटेनंतर शॉनने पंचाला सांगितलं की याला रिंगबाहेर काढ, हा माझा क्षण आहे. ही गोष्ट ब्रेट आजही विसरलेला नाही.

१९९७ मध्ये गोष्टी हाताबाहेर गेल्या. फेब्रुवारीत शॉनने गुडघ्याचं कारण देत आणि आपलं हसू हरवल्याचं सांगत पट्टा परत केला. ब्रेटला वाटलं, रेसलमेनिया १३ मध्ये आपल्याकडून हरावं लागू नये म्हणून हे नाटक. त्यानंतर शॉनने टीव्हीवर ब्रेटच्या खासगी आयुष्याबद्दल सूचक शेरा मारला आणि जूनमध्ये हार्टफर्डला ड्रेसिंग रूममध्ये दोघांची खरीखुरी मारामारी झाली. शॉन काही काळ कामावरच आला नाही. इथून पुढे पटकथा आणि प्रत्यक्ष यांच्यातली रेघ कोणालाच नीट दिसेना. मला वाटतं, त्या दोघांनाही नाही.

आणि नेमक्या याच वर्षी पॉल जे नावाचा कॅनेडियन दिग्दर्शक ब्रेटच्या मागे कॅमेरा घेऊन फिरत होता. फिल्मचं नाव ‘हिटमॅन हार्ट: रेसलिंग विथ शॅडोज’. नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडाही निर्मितीत होतं. हे लक्षात घेतलं पाहिजे की ही फिल्म वैरावर काढायची म्हणून सुरू झालीच नव्हती. विषय होता ब्रेट: त्याचं घर, त्याचे वडील, कॅनडात देव आणि अमेरिकेत खलनायक अशी त्याची त्या वर्षीची विचित्र अवस्था. चित्रीकरण चालू असताना विन्सने ब्रेटला सांगितलं की तुझा करार कंपनीला परवडत नाही. हा करार साधासुधा नव्हता, तब्बल २० वर्षांचा होता. १९९६ मध्ये प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूने तीन वर्षांचे सुमारे ९० लाख डॉलर देऊ केले होते. ते नाकारून ब्रेट याच करारासाठी विन्सकडे थांबला होता. आता विन्सच म्हणत होता, तिकडे जा.

ब्रेटने नोव्हेंबर १९९७ च्या सुरुवातीला डब्ल्यूसीडब्ल्यूशी करार केला. पट्टा अजून त्याच्याकडेच. ९ नोव्हेंबरला माँट्रिअलच्या मोल्सन सेंटरमध्ये सर्व्हायव्हर सिरीज हा कंपनीचा मोठा कार्यक्रम, समोर शॉन. ब्रेट म्हणाला, कॅनडात, आणि तेही शॉनकडून, मी हरणार नाही. दुसरीकडे कुठेही पट्टा सोडतो. शेवटच्या तीस दिवसांत स्वतःच्या कथानकावर वाजवी ताबा राहील असं कलम त्याच्या करारात होतं, त्यामुळे हा हट्ट निव्वळ हवेतला नव्हता. विन्सची भीतीही हवेतली नव्हती. डिसेंबर १९९५ मध्ये मडूसा या महिला कुस्तीगिराने डब्ल्यूडब्ल्यूएफचा महिलांचा पट्टा डब्ल्यूसीडब्ल्यूच्या थेट कार्यक्रमात कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. आपल्या मुख्य पट्ट्याचंही असंच झालं तर, या विचाराने विन्सची झोप उडाली असणार. शेवटी ठरलं असं की सामना गोंधळात, निकालाविना संपवायचा आणि पट्टा नंतर रीतसर सोडायचा.

इथे फिल्मने जे मिळवलं, त्यासाठी कुठलाही माहितीपटवाला उजवा हात द्यायला तयार होईल. सामन्याआधी विन्स ब्रेटच्या खोलीत बोलायला गेला तेव्हा ब्रेटच्या अंगावर लपवलेला माइक होता. खोलीत कॅमेरा नाही, फक्त आवाज. विन्सचा तो समजूतदार, थोडा थकलेला सूर. निकालाविना शेवट करायला त्याने दिलेली संमती. कसलाही दबाव नाही, आवाज चढवणं नाही. काही तासांनी हाच माणूस रिंगच्या कडेला उभा राहून घंटा वाजवायला लावणार आहे हे माहीत असताना तो संवाद ऐकून बघा. मुलाखतीत माणूस वीस वर्षांनी काहीही सांगू शकतो, पण त्या दिवशीचा त्याचा स्वर त्याला बदलता येत नाही. हा आवाज नसता तर माँट्रिअलबद्दल आपल्याकडे फक्त कुस्तीगिरांच्या तोंडच्या गोष्टी उरल्या असत्या, आणि गोष्टी सांगणं हाच त्यांचा धंदा.

सामन्याच्या शेवटाकडे नीट पाहा, शक्य असेल तर हळू करून. शॉन ब्रेटलाच ‘शार्पशूटर’ लावतो, म्हणजे ब्रेटचाच डाव ब्रेटवर: पायांना पीळ घालून माणसाला पालथं करायचं आणि कंबरेवर भार द्यायचा. ठरल्याप्रमाणे ब्रेटने तो उलटवायचा होता. तो उलटवायला लागलेलाही आहे, त्याचा हात शॉनच्या पायाकडे गेलेला दिसतो. त्याच वेळी पंच अर्ल हेब्नर घंटेची खूण करतो. ब्रेटने हार मानलेलीच नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर येतो तो शोध, नक्की काय झालं याचा. त्यानंतरची विन्सवरची थुंकी, हवेत बोटाने लिहिलेली डब्ल्यूसीडब्ल्यूची अक्षरं, फोडलेले मॉनिटर हे सगळं प्रसिद्ध आहे. मला विचाराल तर त्याआधीचे ते दोन-तीन सेकंद जास्त बोलतात.

यानंतर फिल्म ड्रेसिंग रूमबाहेरच्या बोळात येते आणि माझ्या दृष्टीने तिचा सर्वोत्तम भाग सुरू होतो. विन्स ब्रेटच्या खोलीत जातो. आत ब्रेट त्याला ठोसा मारतो. तो ठोसा कॅमेऱ्यात नाही. सगळ्या गोष्टीतला सगळ्यात नाट्यमय क्षण, आणि आपण बंद दाराबाहेर उभे. मग विन्स बाहेर येतो, झोकांड्या खात, डोळ्याखाली लागलेलं, आजूबाजूला त्याची माणसं. संकलक म्हणून सांगतो, ठोसा दिसला असता तर फिल्म एवढी टिकली नसती. पडद्यावर आपण या लोकांना हजारो ठोसे मारताना पाहिलेलं आहे. आणखी एक पाहून डोळ्याने सवयीने त्याला खोटं ठरवलं असतं. चालीतला तो बिघाड मात्र रिंगमध्ये कधी पाहिलेला नसतो. विन्स मॅकमॅहनला शरीराने अभिनय करता येतो, पण इतका अनाकर्षक अभिनय त्याने नंतर कधी केला नाही.

त्याच बोळात ब्रेटची तेव्हाची पत्नी जूली शॉनचा मित्र असलेल्या ट्रिपल एच या कुस्तीगिराला धारेवर धरते. तो काही माहीत नसल्याचं सांगतो. ड्रेसिंग रूममध्ये ब्रेट शॉनला विचारतो, तुला हे माहीत होतं का? शॉन देवाची शपथ घेऊन नाही म्हणतो. त्याला माहीत होतं. बेत आदल्या रात्रीच शिजला होता हे नंतर त्याने आणि इतरांनी सांगितलं. १९९८ मध्ये हे दृश्य पाहणाऱ्याला संशय होता. आज पाहताना आपल्याला खात्री असते, त्यामुळे आपण चेहरा वाचायला लागतो. मला त्या चेहऱ्यावर मिजास दिसत नाही, भेदरलेपण दिसतं. तुम्हाला वेगळं दिसेल कदाचित.

आता फिल्मची बाजू घेण्याबद्दल. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. दिग्दर्शक वर्षभर ब्रेटच्या घरात, गाडीत, विमानतळावर त्याच्यासोबत होता. शॉनकडे त्याला तसा प्रवेशच नव्हता. ज्याच्याकडे कॅमेरा राहतो त्याचा दृष्टिकोन फुटेजमध्ये मुरतो, मग एडिटवर कितीही तोल साधा. वर स्टू हा खरा बाप आणि विन्स हा धंद्यातला बाप, अशी जोडी लावण्याचा मोह फिल्मला झाला आहे. मला ती मांडणी ओढूनताणून वाटते. त्यामुळे ब्रेटच्या हट्टाचा प्रश्न मागे पडतो: दुसऱ्या कंपनीत जाणाऱ्या कलाकाराने जाताना पडून जावं हीसुद्धा याच धंद्याची जुनी रीत, आणि घराण्याची परंपरा सांगणारा ब्रेट तिलाच वळसा घालत होता. त्याच्याकडे कलम होतं, कारणही होतं. पण फिल्म हा प्रश्न पुरेसा ताणून धरत नाही.

‘हे सगळंच ठरवून केलं होतं, ब्रेटही सामील होता’ असं म्हणणारे अजून भेटतात, त्यात काही कुस्तीगीरही आहेत. मला ते पटत नाही. सामील असलेला माणूस स्वतःच्या अंगावर माइक लावून मालकाचं बोलणं टेप करत नाही. शिवाय पुढे फायदा कोणाचा झाला ते बघा. आठवड्याभराने विन्सने टीव्हीवर कंपनीचा समालोचक जिम रॉसला दिलेल्या मुलाखतीत सगळं खापर ब्रेटवरच फोडलं, आणि त्या चिडीतून ‘मिस्टर मॅकमॅहन’ हा खलनायक जन्मला. कुस्तीगीर स्टीव्ह ऑस्टिनविरुद्धच्या त्याच्या कथानकाने कंपनी पुन्हा वर आली. ब्रेटला डब्ल्यूसीडब्ल्यूत पैसे मिळाले, काम धड मिळालं नाही.

मधली वर्षं दोघांनाही जड गेली. मे १९९९ मध्ये ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन कॅन्सस सिटीत छतावरून रिंगमध्ये उतरायच्या स्टंटमध्ये पडून गेला. त्याच डिसेंबरात डब्ल्यूसीडब्ल्यूतल्या सामन्यात गोल्डबर्ग या कुस्तीगिराची लाथ डोक्याला लागून ब्रेटची कारकीर्द संपली आणि २००२ मध्ये त्याला पक्षाघात झाला. शॉन पाठीच्या दुखापतीने चार वर्षं बाहेर होता. परतला तो धर्माकडे वळलेला, निवळलेला माणूस. ४ जानेवारी २०१० ला ‘रॉ’ या कंपनीच्या साप्ताहिक टीव्ही कार्यक्रमाच्या रिंगमध्ये दोघांनी हात मिळवले आणि मिठी मारली. ते कार्यक्रमातच झालं, पण दोघेही ते मनापासून होतं म्हणतात आणि त्यानंतरचं त्यांचं वागणंही तसंच आहे.

२०११ ची डीव्हीडी या पार्श्वभूमीवर बघायची. डब्ल्यूडब्ल्यूईची निर्मिती, दोघे शेजारी, प्रश्न विचारायला जिम रॉस. रॉस उत्तम मुलाखतकार आहे यात वाद नाही. पण १९९७ मध्ये तो त्याच कंपनीत होता, आणि विन्सची ती कुप्रसिद्ध मुलाखत घेणाराही तोच. म्हणजे साक्षीदारालाच वकिलाच्या खुर्चीत बसवलेलं आहे. शिवाय ज्याने घंटा वाजवायला लावली तो माणूस या निर्मितीचा मालक. त्यामुळे इथे दोघांमधला दोष दोघांतच वाटला जातो: तू असं वागलास, मी तसं वागलो, आपण तरुण होतो. भाऊबंदकीत वाटण्या होऊन गेल्यावर भाऊ एकत्र जेवायला बसतात तेव्हा ताटावर सातबाऱ्याचा विषय काढत नाहीत, तसं काहीसं. तरीही मला ती आवडते. ब्रेट बोलत असतो तेव्हा त्याच्याकडे बघणारा शॉन पाहा. एकट्याची मुलाखत असती तर ही ऐकतानाची चौकट मिळालीच नसती. जुन्या किश्श्यात कोणाची आठवण वेगळी निघते आणि ती दुरुस्त करायची की सोडून द्यायची हे दोघे कसं ठरवतात, तेही त्यात दिसतं.

तिसरंही एक आहे, २०१९ मधला ‘डार्क साइड ऑफ द रिंग’ मालिकेचा माँट्रिअलवरचा भाग. तो पाहाच असं म्हणणार नाही, नाट्य-रूपांतरं मला खटकतात. पण त्यात तेव्हा कंपनीत पडद्यामागे काम करणारे जिम कॉर्नेट आणि विन्स रूसो दोघेही ही शक्कल मुळात आपली असल्याचं सांगतात. १९९७ च्या त्या बोळात प्रत्येक जण कानावर हात ठेवत होता. वीस वर्षांनी श्रेयासाठी रांग लागली आहे.

पाहण्याचा क्रम विचाराल तर आधी रेसलमेनिया १२ चा सामना पूर्ण पाहा, कंटाळा आला तरी. दोघे एकमेकांचं शरीर किती काळजीने सांभाळतात हे कळल्याशिवाय पुढचा दगा अंगाला लागत नाही. मग १९९८ ची फिल्म, आणि ती संपल्यावर थोडे दिवस जाऊ देऊन २०११ ची डीव्हीडी. लागोपाठ पाहिल्या तर दुसरी पहिलीला खोटं पाडायला आल्यासारखी वाटते, तुमचंही बहुतेक तेच झालं असावं. आणि १९९८ ची फिल्म हेडफोन लावून पाहा. त्या बंद खोलीतला आवाज टीव्हीच्या स्पीकरवर निम्मा हरवतो. घरात लहान मुलं असतील तर हेडफोन तसाही बरा, बोळातल्या प्रसंगात शिव्या भरपूर आहेत.